अडीच बॅटरीचं झाड

कुंभलकर साहेबांनी खोक्यातून काढली
तेव्हा मला ती खेळण्यातली वाटली.
टाकी नाही, दोरी नाही,
ओढून ओढून खांदा निखळावा असं काहीच नाही.
बटण दाबायचं, म्हणाले, मिक्सरसारखं.
मी म्हटलं, साहेब, चटणी थोडीच वाटून राहिलो.

बावीस वर्षं माझ्या हातात पेट्रोलची.
सिव्हिल लाइन्सचे सिरस, रामदासपेठेतले गुलमोहर,
सेमिनरी हिल्सच्या उतारावर उन्मळलेलं काय काय.
वहीत कधी लिहिलं नाही. बोटांनी लिहून ठेवलं:
थंडीत ही दोन पांढरी पडतात, खडूसारखी,
चहाचा गिलास गरम की थंड, ओठांनाच विचारावं लागते.
उजवा कान तर केव्हाच गेला.
बायको म्हणते, सोयीचा आहे तुमचा.

मेच्या वावटळीनं धरमपेठेत कडुनिंब लोटला,
अर्धा अजून मुळांवर,
अर्धा एका वकिलाच्या कंपाउंडवर कोपर टेकून.
पारा सेहेचाळीस. डांबर चपलेला सोडत नव्हतं.
फांद्या मात्र उतरल्या,
पिकल्या पपईतून सुरी जावी तशा.
डोळे चुरचुरले नाहीत, शर्टाला वास नाही.
वकिलाची बायको गॅलरीत येऊन विचारते,
काम सुरू केव्हा करणार?

पण मशीन गप्प, तर लोक अंगावर.
आधी तिच्या बोंबेनंच रस्ता मोकळा व्हायचा.
आता मीच: ए स्कूटी! ओ ताई!
वर काय पाहून राहिला बे, बाजूला हो नं!
दुपारपर्यंत
माझा घसा पेट्रोलवर चालायला लागला.

पहिली बॅटरी चाळीस मिनिटं.
दुसरी तापली, लाल दिवा लावून रुसून बसली.
प्रज्योतनं तिला ओल्या फडक्यावर
पानठेल्याच्या कुलरसमोर ठेवलं.
पानवाला म्हणे, गिऱ्हाईक घामानं निथळून राहिलं
आणि हिला वाळ्याची हवा!
निवली तशी उठली. वीस मिनिटं.
तिसरी लावली, पाते खोडात अर्ध्यावर,

आणि प्रज्योत म्हणाला, शेंडेकाका, थांबा.
काय झालं?
झाड बोलून राहिलं.

मी डावा कान वळवला. काहीच नाही.
भुसा होता, ऊन होतं,
आपल्याच छातीतली धडधड होती.
त्यानं मला कॉलरला धरून ओढलं,
दोन पावलं, तीन नाही,
आणि खोड स्वतःच फाटलं उभं,
माझा गुडघा होता तिथं येऊन बसलं.

बावीस वर्षं
पडण्याआधी ती बोलत असतील.
आमच्या कल्लोळात कोण ऐकते.
मी फक्त कापाची फट पाहायचो,
रुंदावली की पळायचं.
बहिऱ्यासारखं त्यांचं तोंड वाचत होतो मी,
बहिरा व्हायच्या आधीपासून.

पाणी प्यालो. कोणी काही बोललं नाही.
मग बुंधा उरला, दोन माणसांच्या कवेत न येणारा,
तिसरीचा जीव संपत आलेला.
जुनी काढली गाडीतून.
तीन झटके, धूर, आणि ती आरडाओरड
की अर्धी धरमपेठ गॅलरीत.
पाव तासात बुंधा आडवा.
खोटं कशाला बोलू, हातांना बरं वाटलं,
बोटांना नाही.

रात्री गोदामात चार्जरवर
तीन हिरवे ठिपके लुकलुकत होते.
धूर गेला, साहेब म्हणाले होते.
कोराडीची चिमणी मला घराच्या गच्चीवरून दिसते,
मी काही म्हटलं नाही.

सकाळी फॉर्म आला:
जुन्या मशीनच्या जागी ही चालेल काय?
दोन चौकटी. एकीत टिक करा.
मी मधल्या रिकाम्या जागेत लिहिलं:
फांदीला हो. बुंध्याला नाही. उन्हात, तिलाच विचारा.
मग पान उलटून, जरा वाकड्या अक्षरात
(बोटं सकाळी ऐकत नाहीत):
नवीन मशीन प्रज्योतच्या हाती द्यावी.
त्याला अजून ऐकू येते.

आणि खाली, सहीच्या वर:
कृपया एक कुलर मंजूर करावा.